पिशवी न घेता

मैत्रिणींनो, आज एक प्रश्न विचारते. हातात पिशवी नाही, कुणाकडे जायचं नाही, काही आणायचं नाही, अशा अवस्थेत तुम्ही शेवटच्या केव्हा घराबाहेर पडलात? नुसतंच चालायला? सकाळचं 'वॉकिंग' मी धरत नाही. ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, म्हणजे तेही एक कामच.

मी स्वतःला विचारून पाहिलं, तर आठवेना. आमच्या तालुक्याच्या गावात मी पंचवीस वर्षं नांदते आहे. बचत गटांच्या निमित्ताने गावातली एकही गल्ली मला नवी नाही. पण प्रत्येक गल्लीत मी कशासाठी तरी गेलेली आहे. वाटेत कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "काय, कुठं निघालात?" आणि उत्तर तयार लागतं. भाजीला, बँकेत, दवाखान्यात, देवळात. "कुठं नाही, सहज" हे उत्तर पुरुषाच्या तोंडी शोभतं. बाईने दिलं तर ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. म्हणून हातात पिशवी. ती रिकामी असली तरी चालते. पिशवी म्हणजे आपला रस्त्यावर असण्याचा परवाना.

हे मला एकटीलाच वाटतं असं नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉइटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. मुंबईसारख्या शहरातसुद्धा बाईला रस्त्यावर आपलं काहीतरी काम आहे असं दाखवावं लागतं, उगाच रेंगाळायची मोकळीक तिला नसते, हे त्यांनी मांडलं. मुंबईची ही कथा, मग आपल्याकडे काय विचारता!

तर सांगायची गोष्ट अशी, की २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही चौघी मैत्रिणी एका परक्या शहरात एक अख्खा दिवस बिनकामाच्या चाललो. शहर सिंगापूर. चौघी म्हणजे आमच्या भिशीतल्याच. पेठेतल्या किराणा दुकानाच्या वहिनी, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, सरकारी दवाखान्यात नोकरी करणारी आमची सिस्टर आणि मी. दोन वर्षं भिशीचे पैसे साठवून बायकांच्या एका सहलीत नाव घातलं होतं. चार दिवस गाडीत बसा, उतरा, फोटो काढा, परत बसा. पाण्याची चूळ टाकणारा तो सिंहमुखी मासा पाहिला, उंच इमारती पाहिल्या, माना दुखल्या. पाचवा दिवस रविवार, १७ नोव्हेंबर. तो मोकळा ठेवलेला, 'खरेदीसाठी'. सगळ्या बायका खरेदीला गेल्या. बाई म्हणाल्या, "मला काही घ्यायचं नाही. मी चालणार आहे. कोण येतंय?"

आम्ही राहत होतो तो भाग म्हणजे तिथलं लिटल इंडिया. तिथून निघायचं आणि चालत चालत चायनाटाऊन गाठायचं, एवढंच ठरवलं. नकाशात पाहिलं तर सरळ गेलं तर चार किलोमीटरच्या आसपास. आम्हाला सगळा दिवस लागला.

निघतानाच वहिनींनी खांद्याला कापडी पिशवी लावली. सिस्टर म्हणाली, "वहिनी, ती कशाला?" वहिनी गोंधळल्या. "अगं, हात मोकळे कसे ठेवायचे?" पिशवी आली बरोबर. रिकामी.

टेक्का बाजारात शिरलो आणि आपल्याच मंडईत आल्यासारखं झालं. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, सुरण, मोगऱ्याचे गजरे. बाजाराला लागून जो रस्ता आहे त्याचं नाव बफेलो रोड आणि त्याच्या पलीकडचा करबाव रोड. करबाव म्हणजे मलय भाषेत म्हैस. एकेकाळी या भागात गुराढोरांचा मोठा व्यापार चालायचा, त्याच्या या खुणा. वहिनींना इतकं हसू आलं, की गोठा गेला, म्हैस मात्र दोन भाषांत शिल्लक राहिली! इडली खाल्ली, वाफाळता चहा घेतला. वहिनींनी चहा अर्धाच घेतला. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिथल्या जुन्या वस्तीत घरांची रचना मोठी छान आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि दुकानासमोर छप्पर असलेली ओसरी. ही ओसरी एका घराची संपते तिथं शेजारच्याची सुरू होते, त्यामुळे अख्ख्या गल्लीत डोक्यावर छप्पर ठेवून चालता येतं. तिला 'पाच फुटी वाट' म्हणतात. सिंगापूर वसवणाऱ्या इंग्रजांच्या रॅफल्सने १८२२ साली शहराचा आराखडा करताना असा नियमच घातला, की प्रत्येक घरमालकाने पुढे एवढी ओसरी सोडायची आणि ती जाणाऱ्यायेणाऱ्याला मोकळी ठेवायची. आता त्यातही कुणी खोकी मांडतं, कुणी सायकल लावतं, मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच. पण वाट आहे. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पायी चालणाऱ्याचा विचार केला होता. बत्तीस अंशांच्या दमट उकाड्यात आम्ही सावलीतून चालत होतो आणि मला आमच्या पेठेतला फूटपाथ आठवत होता. त्यावर आधी दुकानाची पायरी आली, मग पायरीवर फळी आली, मग फळीवर माल. उरलेल्या जागेत मोटरसायकल. आपण मधून, ट्रकच्या हॉर्नवर उडी मारत.

रस्ता ओलांडायलाही तसंच. खांबावर एक यंत्र असतं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे सवलतीचं कार्ड असतं, ते या यंत्राला लावलं की हिरवा दिवा नेहमीपेक्षा काही सेकंद जास्त राहतो. तीनपासून तेरा सेकंदांपर्यंत. २००९ पासून ही सोय आहे. बाईंचे गुडघे धरलेले. एका आजोबांनी कार्ड लावलं आणि त्यांच्या पुण्याईवर बाईही सावकाश पलीकडे गेल्या. "तेरा सेकंद," बाई म्हणाल्या. "म्हातारीला तेवढेच हवे असतात बघ."

वॉटर्लू स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. इथे एक गंमत आहे. चिनी लोकांचं करुणादेवीचं मोठं देऊळ आणि त्याच्या शेजारीच आपलं कृष्णाचं देऊळ. चिनी भाविक देवीचं दर्शन घेतात आणि जाताजाता कृष्णापुढेही उदबत्त्या लावून जातात. कुणी कुणाला विचारत नाही. देवळांसमोर फुलं विकायला बसलेल्या बायका. मी हे सगळं डोळे भरून बघत होते, तेवढ्यात मागून सिस्टरचा आवाज आला, "धरा, धरा!"

वहिनींना चक्कर आली होती. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. एका म्हाताऱ्या फुलवालीने काही न बोलता आपलं स्टूल पुढे सरकवलं. वहिनी बसल्या. सिस्टरने नाडी पाहिली आणि एकच विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "अर्धा कप चहा."

"आणि काल?"

"काल गाडीत होतो ना. गाडीत असले की मी पीत नाही."

मैत्रिणींनो, पुढचं मला तुम्हाला सांगायची गरज आहे का? बाहेर जायचं म्हणजे पाणी प्यायचं नाही, हा धडा आपल्याला आईने दिलेला असतो. शाळेच्या सहलीला निघताना, लग्नाच्या वऱ्हाडात, एसटीच्या लांबच्या प्रवासात. वहिनी दुकानावर बसतात त्याला अठरा वर्षं झाली. सकाळी आठ ते दोन आणि पुन्हा चार ते नऊ. भर पेठेत दुकान. पुरुषमंडळी मागच्या बोळात जाऊन येतात. वहिनींना तसं कुठं जाता येतं? म्हणून पाणीच बंद. दोनदा मुतखडा झाला. लघवीच्या जळजळीच्या गोळ्या तर दर दोन-तीन महिन्यांनी. हे आम्हाला माहीत नव्हतं का? मुतखडा माहीत होता. भेटायला गेलो होतो, शहाळं घेऊन. कारण मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग त्या परक्या रस्त्यावर, दोन देवळांसमोर, चौघीजणी बोलायला लागलो. बाईंनी सांगितलं, शाळेत तीस वर्षं त्या सकाळी घरून निघताना आणि संध्याकाळी घरी आल्यावर, अशा दोनच वेळा जात. मोठ्या वर्गातल्या मुली महिन्याचे चार दिवस शाळा का बुडवतात हे त्यांना ठाऊक होतं, हजेरीपटावर मात्र 'गैरहजर' एवढंच लिहायचे. सिस्टर म्हणाली, मी रोज बायकांना सांगते पाणी प्या, नाही तर जंतू साठतात, खडे होतात, आणि लसीकरणाला वाडीवर जायचं असलं की मी स्वतः पीत नाही. माझं काय सांगू? मी महिला मेळावे घेते. तीन-तीन तासांचे. मंडप असतो, हारतुरे असतात, पाहुण्यांना नारळ असतो. शेकडो बायका येतात. त्यांच्यासाठी जायची सोय कुठं आहे, हे मी आजवर एकाही मेळाव्याच्या पत्रिकेवर लिहिलेलं नाही.

सिंगापुरात जाऊन काय बघितलं, तर संडासाच्या गप्पा मारल्या! बाई म्हणाल्या, "घरी सांगू नका गं कुणी." आणि सगळ्या हसायला लागलो. वहिनीसुद्धा. पाण्याची अख्खी बाटली त्यांनी संपवली. सिस्टर पहारा देत होती.

समोरच्याच संकुलात स्वच्छतागृह होतं. पुढे गेलो तर मेट्रोच्या स्थानकात होतं. खाद्यपदार्थांच्या बाजारात होतं, बागेत होतं. सिस्टरने चंगच बांधला, संध्याकाळपर्यंत मोजायची. अकरा झाली. काही अगदी चकाचक, काही बेताची, एक तर नाक दाबून. काही ठिकाणी पाण्याची नळी, काही ठिकाणी नुसता कागद. तिथं आमची पाण्याची बाटली कामाला आली. पण महत्त्वाचं असं, की कुठेच कुलूप नव्हतं. आणि कुठे असेल, कुणाला विचारायचं, ही धाकधूक दुपारनंतर आमच्या पोटातून गेलीच. वहिनींनी उसाचा रससुद्धा घेतला. मोठा पेला.

आता कुणी म्हणेल, तो श्रीमंत देश, त्यांचं काय सांगता. खरं आहे. इवलंसं शहर, हेच त्यांचं राज्य, कायदा कडक, पाणी नाही ओतलं तरी दंड. पण तेही जन्मतः स्वच्छ नव्हते. तिथं घरोघरी बादल्यांतून मैला उचलून नेण्याची पद्धत होती आणि ती पूर्ण बंद व्हायला १९८७ साल उजाडलं. म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांत ती चालू होती. याच शहरात जॅक सिम नावाच्या एका व्यावसायिकाने १९ नोव्हेंबर २००१ रोजी जागतिक शौचालय संघटना काढली. लोक हसले असतील. पुढे २०१३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने तोच दिवस जागतिक शौचालय दिन म्हणून मान्य केला. आम्ही तिथं होतो त्यानंतर दोनच दिवसांनी तो दिवस होता. आम्ही तो आगाऊ साजरा केला म्हणायचा!

आणि आमच्याकडे? आठवडी बाजाराजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह हवं म्हणून आम्ही तीन वर्षं अर्ज केले. बाजारात भाजी विकणाऱ्या बायका पहाटे खेड्यांतून येतात त्या अंधार पडल्यावर परत जातात. शेवटी बांधलं. फीत कापली, माझाही फोटो आला पेपरात. पुढच्या बाजाराला गेले तर दाराला कुलूप. घाण होते म्हणून लावलं म्हणे. किल्ली रखवालदाराकडे. तो भला माणूस आहे, मागितली तर देतो. पण पुरुषमाणसाकडे जाऊन "किल्ली द्या" म्हणायचं कुणी? त्या दिवसापासून ते कुलूप तसंच होतं आणि मी नव्या अर्जाच्या मागे लागले होते.

असो. वहिनी उठल्या, आम्ही पुढे निघालो.

बेनकूलन नावाचा रस्ता ओलांडून आलो होतो त्यामागेही एक कथा आहे. सुमात्रा बेटावरच्या बेनकूलनहून १८२५ साली हिंदी कैद्यांची पहिली तुकडी सिंगापुरात आणली गेली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झालेली आपली माणसं इथं येत राहिली, रस्ते खणत राहिली, इमारती बांधत राहिली. सेंट अँड्र्यूज हे पांढरंशुभ्र चर्च त्यांच्याच हातचं. त्याच्या भिंतींचा गिलावा कशाचा आहे ऐका. शिंपल्यांचा चुना, अंड्यातला पांढरा बलक आणि साखर एकत्र घोटून, नारळाची सोडणं भिजवलेल्या पाण्यात कालवलेला. वहिनी भिंतीला हात लावून म्हणाल्या, "केक आहे की काय!" पण हात मात्र त्यांनी बराच वेळ तिथंच ठेवला.

चर्चच्या समोर पेनिन्शुला प्लाझा नावाचं जुनं दुकानांचं संकुल आहे. तिथं आणि आजूबाजूला, पायऱ्यांवर, झाडाच्या सावलीत, जिथं जागा मिळेल तिथं मुली बसल्या होत्या. घोळकेच्या घोळके. गालांना चंदनासारखी पिवळसर उटी लावलेली. डबे उघडलेले, कुणी कुणाचे केस विंचरतंय, कुणी फोनवर गावाकडच्या लेकराला हसवतंय. आम्हाला वाटलं लग्नबिग्न असेल. बाईंनी आपलं शाळेतलं इंग्रजी बाहेर काढलं. त्या म्यानमारच्या मुली. घरकामाला आलेल्या. रविवार म्हणून सुट्टी.

सिंगापुरात घरकाम करणाऱ्या परदेशी बायका अडीच लाखांहून अधिक आहेत. फिलिपिन्सच्या, इंडोनेशियाच्या, म्यानमारच्या. मालकांच्याच घरी राहतात, म्हातारी माणसं आणि लहान मुलं सांभाळतात. आम्ही जिचं कौतुक करत होतो ती तिथली नोकरदार, ताठ मानेने चालणारी बाई सकाळी घराबाहेर पडते ती यांच्या जिवावर. आणि या मुलींना आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळाली ती केव्हा? १ जानेवारी २०१३ पासून. त्यातही सुट्टीऐवजी पैसे देऊन काम करून घ्यायची मुभा होतीच. महिन्यातून निदान एक सुट्टी द्यायलाच हवी, पैशांवर भागवता येणार नाही, हा नियम यायला २०२३ साल लागलं. एवढ्या शिस्तीच्या देशात!

बाईंनी एकीला विचारलं, "सुट्टीच्या दिवशी काय करता?" पोरगी विशी-बाविशीची असेल. तिला प्रश्नच कळला नाही बहुतेक. मैत्रिणीकडे बघून हसली आणि म्हणाली, "काही नाही. बसते."

मला का कोण जाणे, माझ्याकडे भांडी-लादीला येणाऱ्या मावशी आठवल्या. चौदा वर्षं येताहेत. चौदा वर्षांत त्यांना मी बसलेलं पाहिलं आहे का? चहा देते, तोही त्या मोरीपाशी उभ्यानेच घेतात. दिवाळीला साडी देते, बोनस देते, त्यांच्या नातीची फी एकदा भरली आहे. पण रविवारी? रविवारी तर पाहुणे असतात, भांडी जास्त. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या मंडळात मावशींची नोंदणी मीच करून दिली, कागदपत्रं गोळा करून, रांगेत उभी राहून. आठवड्याची सुट्टी त्या नोंदणीने मिळत नाही. ती द्यायची ती माझ्यासारखीने. सिंगापूर सरकारला नावं ठेवायला माझ्या तोंडात शब्द आला होता, तो तसाच गिळला.

पुढे मोठं मैदान लागतं आणि त्याच्या पलीकडे समुद्राच्या बाजूला एस्प्लनेड पार्क. तिथं आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. ८ जुलै १९४५ ला नेताजींनी इथं स्मारकाचा पाया घातला होता. इंग्रज परत आले आणि त्यांनी ते पाडलं. आता आहे तो नंतर, १९९५ साली लावलेला फलक. येणारेजाणारे बघतही नाहीत. बाई मात्र त्याच्यासमोर चप्पल काढून उभ्या राहिल्या.

राणी झाँसी रेजिमेंट याच शहरात उभी राहिली, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? १९४३ च्या जुलैमध्ये नेताजी इथं आले, त्यांनी बायकांची पलटण उभारायचं मनात आणलं आणि इथं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर लक्ष्मी स्वामीनाथन पुढे झाल्या. त्याच आपल्या कॅप्टन लक्ष्मी. नाव दिलं आपल्या मणिकर्णिका तांब्यांच्या लक्ष्मीबाईचं आणि दाखल झालेल्या पोरी कोण, तर मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्यांच्या लेकीही. कितीकींनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. जानकी थेवर नावाची मुलगी तर जेमतेम अठरा वर्षांची. १९४५ च्या एप्रिल-मे महिन्यात रंगून सोडायची वेळ आली तेव्हा या मुली बँकॉकच्या दिशेने रात्री चालायच्या आणि दिवसा विमानांच्या भीतीने झाडीत लपायच्या. जवळजवळ तीन आठवडे. नेताजी त्यांच्याबरोबर पायी. बाई हे सांगत होत्या आणि आम्ही बाकावर बसून ऐकत होतो, शाळेतल्यासारखं. सिस्टरने मध्येच विचारलं, "आणि त्या महिन्याच्या दिवसांत काय करत असतील हो बाई?" बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "इतिहासाच्या पुस्तकात ते नसतं गं."

नदीवर कॅव्हेना पूल आहे, १८६९ सालचा, आता फक्त चालणाऱ्यांसाठी. त्याच्यावर जुनी पाटी अजून आहे, जड गाड्या, गुरं आणि घोडे यांना मनाई म्हणून. वहिनींनी बाईंकडून वाचून घेतलं. "बायकांचं नाव नाही ना? मग चला."

पूल ओलांडेपर्यंत पाऊस आला. तिकडे नोव्हेंबरात असा भरदुपारी येतो, सांगून सवरून नाही. आम्ही पळालो आणि पुन्हा पाच फुटी वाटेच्या आसऱ्याला लागलो. पावसात, छत्री नसताना, घाई नसताना, नुसतं उभं राहून रस्ता बघणं हे मी माझ्या गावात कॉलेजमध्ये असतानासुद्धा केलेलं नाही. अर्धा तास गेला. कुणी विचारलं नाही, इथं का उभ्या आहात.

चायनाटाऊनला पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. चायनाटाऊनच्या ऐन मध्यावर मरिअम्मनचं देऊळ आहे, १८२७ सालापासूनचं. दर्शन घेतलं आणि मॅक्सवेल नावाच्या खाद्यबाजारात टेकलो. रस्त्यावरचे ठेलेवाले पूर्वी उघड्यावर बसत, त्यांना सरकारने नळ, गटार आणि परवाना देऊन असल्या छपराखाली आणलं. तिथल्या या खाद्यसंस्कृतीला २०२० साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. टेबलांवर जागोजागी कागदी रुमालांची पाकिटं ठेवलेली. ती जागा धरलेली असते म्हणे! आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसंच अगदी. वहिनींना एकदम माहेर भेटल्यासारखं झालं. शाकाहारी मिळायला जरा शोधावं लागलं, पण टोफूचा भात मिळाला आणि मग बर्फाचा किस, रंगीत पाक आणि खाली राजमा घातलेला तिथला गोळा. राजमा गोड लागतो यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

समोरच, रस्त्याच्या पलीकडे दगडात कोरलेल्या बायका बसल्या आहेत. डोक्याला चौकोनी घडीचं फडकं. या सामसुई बायका. चीनच्या सानशुई भागातून १९३० च्या सुमाराला मोठ्या संख्येने आल्या आणि बांधकामांवर राबल्या. लाल फडकं ही त्यांची ओळख. खांद्यावर कावड घेऊन माती-विटा वाहायच्या, खुराड्यासारख्या खोल्यांत दाटीवाटीने राहायच्या आणि पैसे गावी धाडायच्या. कितीकींनी लग्नच केलं नाही, कितीकी परत गेल्याच नाहीत. आपल्याकडे इमारतीच्या बांधकामावर डोक्यावर घमेलं घेऊन चढणारी बाई रोज दिसते, तिचा पुतळा मी तरी अजून पाहिलेला नाही. आणि हे लिहिताना हेही जाणवतं, की त्या सामसुई बायकांचाही पुतळा झाला तो त्या थकून गेल्यावर, बहुतेक निघून गेल्यावर.

परत मेट्रोने आलो. लिटल इंडियात उतरलो तर रस्ता पुरुषांनी फुललेला. रविवारची संध्याकाळ. बांधकामांवरचे, गोद्यांमधले तमिळ, बंगाली, तेलुगू मुलगे सुट्टीला आलेले. एवढी पुरुषांची गर्दी बघून आम्ही चौघींनी एकाच वेळी पदर-ओढणी सावरली. दिवसभरात पहिल्यांदा. मग नीट पाहिलं तर कुणी गवतावर बसून घरी बोलत होता, कुणी पैसे पाठवायच्या रांगेत होता, कुणी मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून आभाळ बघत होता. आमच्याकडे कुणी बघतही नव्हतं. वहिनींनी पिशवी उघडली. सकाळपासून रिकामीच होती. म्हणाल्या, "काहीतरी घालू गं हिच्यात, घरी काय दाखवू?" आणि एक शेर भेंडी घेतली! हॉटेलात! भेंडी! रात्री आम्ही हसून हसून लोळलो. दुसऱ्या दिवशी ती खोली आवरायला आलेल्या बाईला देऊन टाकली.

गावी आल्यावर पहिल्या आठवड्यात वहिनींनी दुकानात मोठी पाण्याची बाटली आणून ठेवली आणि भावजींना सांगितलं, मागच्या बोळाला दार करून संडास बांधायचा, नाही तर मी दुकानावर बसणार नाही. तीन दिवस दुकान भावजींनी एकट्याने चालवलं. चौथ्या दिवशी गवंडी आला.

आठवडी बाजाराच्या कुलपाचं असं झालं, की नवा अर्ज मी फाडला. बाजारातल्या भाजीवाल्या बायकांच्या दोन बचत गटांनी किल्ली आपल्याकडे मागून घेतली. आठवड्याला पाळी लावली आहे. झाडणारीला त्या आपसांत पैसे काढून देतात. खरं तर हे पैसे त्यांनी काढायचे नाहीत, आणि हे मी जिथं सांगायचं तिथं सांगते आहे, लेखी. पण दार उघडं आहे. अधूनमधून पाणी नसतं.

आणि मावशी. त्यांना मी सोमवारीच सांगितलं, "यापुढं रविवारी येऊ नका. पगार तोच." त्यांचा भांड्यातला हात थांबला. वळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "का ओ ताई, माझं काय चुकलं का?" समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी पटलं, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी आठला बेल वाजली. दारात मावशी. म्हटलं, "अहो, सुट्टी ना आज?"

"व्हय की," त्या म्हणाल्या. "पर सुट्टी म्हणल्यावर सुनंनं सगळ्या गोधड्या काढल्या धुवायला. म्हटलं, त्यापरीस तुमच्याकडंच बरं."